आधी उलगडायला शिकवा: फोंड्यातल्या बॉबिन लेसच्या एका वर्गाचं प्रकरण

फोंड्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी बॉबिन लेसचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई 61 वर्षांच्या आहेत. लहानपणी मडगावात शेजारच्या एका वयस्क कॅथलिक बाईंकडे बसून त्या ही लेस शिकल्या. पुढे लग्न, नोकरी आणि घर यांत तीसेक वर्षं लेसला हात लागला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ती पुन्हा हातात घेतली आणि वर्षभरात वर्गही सुरू केला. जूनमध्ये पहिल्या तुकडीत सात जणी होत्या, चतुर्थीची सुट्टी संपली तेव्हा तिघीच परत आल्या. नोव्हेंबरमध्ये दुसरी तुकडी सहा जणींची झाली आणि त्यांतल्या पाच जणींनी जाळीची पट्टी शेवटपर्यंत नेली. शिक्षिका, खोली आणि दोरा दोन्ही वेळा तेच होते. मधल्या काळात काय बदललं, ते इथे मांडलं आहे. गोव्यात, कोकणात किंवा कुठेही नवशिक्यांना ही लेस शिकवू पाहणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

क्रोशा गोव्यात घरोघरी माहीत आहे, त्यामुळे आधी फरक सांगायला हवा. बॉबिन लेसला सुई नाही आणि आकडाही नाही. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीची छिद्रं टोचलेला पुठ्ठ्याचा आराखडा लावतात. प्रत्येक दोऱ्याचं टोक स्वतःच्या लाकडी बॉबिनवर गुंडाळलेलं असतं, बॉबिन एकमेकींवरून नेऊन दोरे गुंफले जातात आणि गुंफलेली जागा टाचणीने धरून ठेवतात. युरोपात हे काम 16व्या शतकापासून चालत आलं आहे. पोर्तुगालमध्ये पेनिश आणि व्हिला दो कोंद ही दोन किनारी गावं त्यासाठी प्रसिद्ध असून दोन्हीकडे या लेसची संग्रहालयं आहेत. आपल्या देशात नागरकोइलला लंडन मिशनरी सोसायटीच्या मॉल्ट दांपत्याने 1820 च्या सुमारास ती शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्याच मुलीने ती तिरुनेलवेलीकडच्या इडैयनगुडीला नेली. फोंड्याच्या बाईंच्या हातात आलेली पद्धत पोर्तुगीज आहे: लांबट लोड, खाली लोंबणाऱ्या बॉबिन, आणि तळवे वर करून चालणारे हात.

हालचाली दोनच आहेत. दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन समोर घ्यायच्या आणि डावीकडून जागांना 1, 2, 3, 4 म्हणायचं. आकडा जागेचा असतो, बॉबिनचा नव्हे. बॉबिन सरकली की तिचा आकडा बदलतो. क्रॉस म्हणजे 2 वरची बॉबिन 3 वरच्या बॉबिनवरून उजवीकडे नेणं. पीळ म्हणजे प्रत्येक जोडीत उजवी बॉबिन डावीवरून नेणं: 2 ही 1 वरून आणि 4 ही 3 वरून. क्रॉस-पीळ झाला की अर्धा टाका. क्रॉस-पीळ-क्रॉस म्हणजे कापडी टाका. त्यावर आणखी एक पीळ दिला की पूर्ण टाका. पुढचं सगळं या तिघांतून निघतं.

परतणाऱ्या हाताला काय आठवतं

दीर्घ खंडानंतर परतलेल्या माणसाचा हात चटकन चालू लागतो. बाईंचंही तसंच झालं. दोन-तीन बैठकांत कापडी टाका जुन्या वेगाने येऊ लागला. अडलं ते भलत्याच ठिकाणी. नवा आराखडा उशीवर लावून जोड्या कुठे आणि कशा टांगायच्या, पट्टी संपली की टोकं कशी बांधायची आणि चूक दिसली तर कुठवर मागे जायचं, या तिन्ही गोष्टी त्यांना येत नव्हत्या. कारण उघड आहे. लहान मुलीला शिकवताना मोठं माणूस आराखडा टोचून देतं, जोड्या टांगून देतं, शेवट बांधून देतं आणि चूक झाली की उशी स्वतःकडे ओढून दुरुस्त करून परत देतं. मुलीच्या वाट्याला फक्त मधलं काम येतं. ते ती उत्तम शिकते आणि आपल्याला सगळं येतं असं धरून चालते.

सुरुवात आणि शेवट बाईंना शिकावंच लागलं, कारण त्यांशिवाय एकही पट्टी पूर्ण होत नव्हती. मागे जाणं मात्र राहून गेलं. स्वतःची चूक त्या टाका पडतानाच बोटांना जाणवून सोडवायच्या, त्यामुळे उलगडण्याची काही रीत असते याकडे लक्ष जायचं कारण पडलं नाही. ही एक उणीव पुढे वर्गात उतरली.

शरीराच्या बाजूने दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. वाचायच्या चष्म्याचं अंतर साधारण 35 ते 40 सें.मी. असतं आणि मांडीवरच्या लोडावरचं काम त्याहून लांब पडतं, म्हणून मान पुढे जाते. लोड मांडीवरून काढून लाकडी घोडीवर छातीच्या खालच्या पातळीला आणला तेव्हा मानेचं दुखणं थांबलं. दिवा डाव्या बाजूने आणि खालून तिरका लावला. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये टाचण्यांच्या सावल्या नेमक्या छिद्रांवर पडतात.

पहिली तुकडी का विस्कटली

सामानापासूनच गोंधळ होता. बाईंचा लोड पोर्तुगीज पद्धतीचा होता. मुलींनी आणल्या होत्या सपाट गोल उश्या, कारण मोबाइलवर दिसणारे बहुतेक धडे त्या उशीवरचे असतात. लोडावर बॉबिन लोंबतात, त्यांच्या वजनाने दोरा आपोआप ताणलेला राहतो. सपाट उशीवर बॉबिन पसरून पडलेल्या असतात, तिथे ताण हाताने द्यावा लागतो आणि तळवे खाली असतात. बाई दाखवायच्या तळवे वर करून, मुली करायच्या तळवे खाली ठेवून, आणि ताण कधी द्यायचा हे कुणी सांगितलंच नाही, कारण बाईंच्या लोडावर तो द्यावा लागत नव्हता. पट्ट्या ढगळ झाल्या. आमच्या मते दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एका वर्गात मात्र एकच असावी.

दुसरी अडचण क्रोशाची सवय. क्रोशात ओळ उजवीकडून डावीकडे संपते आणि मग पुढची सुरू होते. वर्गात शिकवतात ती टॉर्शन, म्हणजे साध्या भौमितिक नक्षीची बॉबिन लेस. तिची जाळी तशी चालत नाही, ती तिरकी उतरते. आडवी ओळ भरायला गेलेल्या मुलीला तिसऱ्या-चौथ्या टाचणीला जोडीच सापडत नाही. वर्गात सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं, "बाई, माझी एक जोडी कमी पडते." जोडी कमी पडलेली नसते, ती अजून वर अडकलेली असते, कारण तिच्या वरची टाचणी व्हायची असते.

तिसरी गोष्ट निर्णायक ठरली. गेलेल्या चौघींनी टाकून दिलेल्या पट्ट्या बाईंनी ऑक्टोबरमध्ये टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येक पट्टी कुठे थांबली ते पाहिलं. चारही एकाच प्रकारे थांबल्या होत्या. चूक एका जागी होती आणि काम तिच्या खाली चार ते दहा ओळी पुढे गेलेलं होतं. म्हणजे मुलीला चूक उशिरा दिसली, सोडवता येईना, म्हणून ती शनिवारची वाट पाहत राहिली. शनिवारी बाईंनी उशी घेतली, पाच मिनिटांत सोडवून परत दिली. घरी मंगळवारी तेच पुन्हा झालं. आठवड्यातले चार दिवस काम बंद पडणार असेल तर कोण टिकेल? टाका न आल्यामुळे त्यांतली एकही गेली नव्हती.

दुसऱ्या तुकडीचं सामान

उश्या वर्गानेच भरल्या, सगळ्या लोडाच्या आकाराच्या: लांबी 40 सें.मी., व्यास 18 सें.मी. जाड मांजरपाटाची पिशवी शिवून त्यात सुतारकामाचा भुसा ठासला. एका लोडाला साधारण 3 किलो लागतो. भुसा आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवला आणि चाळून ढलप्या काढल्या, कारण ढलपी आली की टाचणी वाकते. थोडा थोडा भुसा टाकत लाटण्याच्या टोकाने कुटत जायचं. मूठ दाबून खळगा राहिला तर अजून भरायचा आहे. दुसरी कसोटी अशी की टाचणी अर्धी खुपसून लोड उलटा करायचा, ती हलता कामा नये. काथ्या भरून पाहिला होता, त्याची उसळी जात नाही आणि टाचण्या डुलतात. पॅकिंगचा थर्माकोल काही दिवसांत चाळणीसारखा होतो. वरून गडद निळं, दाट विणीचं सुती कापड. मखमल नको, दोरा तिच्यात अडकतो.

बॉबिन खराद्याकडून करून घ्यायच्या. लाखकामाची परंपरा असलेलं कुंकळ्ळी गोव्यातच आहे आणि लाकडी खेळण्यांची सावंतवाडी पेडण्याच्या पलीकडे जवळच. खराद्याला नमुन्याची एक बॉबिन देणं उत्तम, तोंडी वर्णनाने गळा जाड होतो. लांबी 11 सें.मी., वर दोरा अडकवायला बारीक डोकं, त्याखाली 3 सें.मी. चा गुंडाळायचा गळा, खाली वजनाला फुगवटा. आकारापेक्षा वजन सारखं असणं महत्त्वाचं. एका जोडीतली एक बॉबिन जड असेल तर तिचा दोरा टाक्यात वर उठून दिसतो. व्हार्निश लावू देऊ नये, घामाच्या हाताला ते चिकटतं. नुसतं घासून गुळगुळीत केलेलं लाकूड पुरतं. प्रत्येकीला 24 लागतात, दोन जास्तीच्या ठेवाव्या.

दोरा 20 नंबरचा सुती क्रोशाचा, घट्ट पिळाचा. दोरा आणि आराखडा यांचा मेळ असा बसवतात: पेन्सिलीवर दोरा शेजारी-शेजारी, न ताणता गुंडाळायचा आणि 1 सें.मी. मध्ये किती वेढे बसतात ते मोजायचं. टॉर्शनच्या सरळ कडेवर लागोपाठच्या दोन टाचण्यांमध्ये 10 ते 12 वेढे बसतील एवढं अंतर ठेवलं की जाळी ना झिरझिरीत होते, ना गचडी. 1 सें.मी. मध्ये 18 वेढे देणाऱ्या दोऱ्याला कडेच्या टाचण्या 6 मि.मी. अंतरावर येतात, म्हणजे आराखडा ज्यावर काढतात त्या आलेखाच्या कागदाच्या रेघा 3 मि.मी. वर. 40 नंबरच्या बारीक दोऱ्याला 2.5 मि.मी. त्याच नंबरचा दोरा वेगवेगळ्या कंपन्यांचा जाड-बारीक निघतो, म्हणून लेबलपेक्षा पेन्सिलीवर विश्वास ठेवावा.

टाचण्यांनी पहिल्या तुकडीला आणखी एक धडा दिला होता. स्टेशनरीच्या दुकानातल्या साध्या लोखंडी टाचण्या जुलैच्या दमट हवेत आठवड्यात गंजल्या, आणि पांढऱ्या दोऱ्यावर प्रत्येक छिद्रापाशी तपकिरी ठिपका उमटला. लिंबू-मिठाने तो फिका होतो, पुरता जात नाही. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या, अर्ध्या मि.मी. जाडीच्या आणि 26 ते 30 मि.मी. लांबीच्या टाचण्याच घ्याव्या. पावसाळ्यात लोड भिंतीला लावून ठेवू नये, सुती कापडात गुंडाळून खाटेवर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत भुशाला बुरशी येते. ओल धरलेला लोड ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढायचा, वरचं काम मात्र झाकून.

बॉबिनवर दोरा गुंडाळून झाला की डोक्यावर फासा घालतात. सुती दोऱ्याला एकच फासा बहुधा पुरतो, गुळगुळीत दोरा सरकत असेल तर दुहेरी घालावा. फासा बरोबर आहे की नाही हे पाहायला बॉबिन आडवी धरून फिरवायची: दोरा सुटत लांब व्हायला हवा आणि सोडून दिल्यावर थांबायला हवा. आराखड्यापासून बॉबिनपर्यंतचा मोकळा दोरा 8 ते 10 सें.मी. ठेवायचा, सगळ्यांचा सारखा. एक लांब आणि एक आखूड असेल तर हात चुकीची बॉबिन उचलतो.

पहिला दिवस: चार बॉबिन, दोन रंग

दुसऱ्या तुकडीत पहिल्या दिवशी पट्टी केलीच नाही. प्रत्येकीला एक लाल जोडी आणि एक निळी जोडी दिली, वर एका टाचणीला टांगलेली. डावीकडे लाल, उजवीकडे निळी. कापडी टाका घातला की निळी जोडी पूर्ण डावीकडे आणि लाल पूर्ण उजवीकडे यायला हवी. जोड्या एकमेकींतून आरपार जातात. अर्धा टाका घातला की दोन्ही बाजूंना एक लाल आणि एक निळी दिसायला हवी. टाका बरोबर झाला का, हे विचारायला बाईंकडे जायची गरज संपली. रंग सांगतात.

मग लगेच, तिथेच, तो टाका उलगडायचा. क्रॉस उलटा करायचा म्हणजे 3 वरची बॉबिन 2 वरून डावीकडे न्यायची. पीळ उलटा करायचा म्हणजे प्रत्येक जोडीत डावी बॉबिन उजवीवरून न्यायची. क्रम शेवटून: अर्ध्या टाक्यात आधी पीळ सुटतो, मग क्रॉस. कापडी टाक्यात क्रॉस, पीळ, क्रॉस. बरोबर उलगडलं तर दोरे पुन्हा समांतर लोंबतात, लाल डावीकडे, निळे उजवीकडे. चुकलं तर एखादा वेढा वर टाचणीपाशी राहतो आणि दोन दोरे तिथे एकमेकांना धरून बसतात. दहा टाके घाला, दहा उलगडा. मग शेजारणीने डोळे झाकले असताना पाच घाला आणि पाचवा टाका कोणता होता ते तिला दोऱ्याकडे पाहून ओळखायला सांगा. एवढ्यात दोन तास जातात. कुणाच्या हातात त्या दिवशी लेस पडत नाही. तरीही हा दिवस वगळू नये असं आमचं ठाम मत आहे.

कापडी पट्टी

दुसऱ्या शनिवारी 7 जोड्यांची पट्टी. 6 जोड्या उभ्या राहतात आणि 1 जोडी डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे धावते. धावती जोडी रंगीत घ्यायची. रुंदी 18 मि.मी., लांबी 18 सें.मी., ओळीला 3 मि.मी. म्हणजे 60 ओळी होतात आणि धावत्या दोऱ्याला 60 वेळा 18 मि.मी. जावं लागतं, म्हणजे सुमारे 108 सें.मी. वळणांना आणि गाठीला धरून प्रत्येक धावत्या बॉबिनवर 2 मीटर दोरा गुंडाळावा. उभ्यांना 70 सें.मी. पुरे. पहिल्या तुकडीत सगळ्यांना सारखाच दोरा दिला होता आणि तिघींचा धावता दोरा अर्ध्यातच संपला होता.

टाचणीपाशी पोचलेल्या धावत्या जोडीला दोन पीळ द्यायचे, टाचणी तिच्या आतल्या बाजूला लावायची आणि मग परत फिरायचं. पीळ विसरले तर कडेचा वेढा पसरतो आणि कड केसाळ दिसते. कडेच्या टाचण्या थोड्या बाहेर आणि मागे झुकलेल्या असाव्या. सरळ उभी टाचणी ताणाने आत कलते आणि पट्टी अरुंद होत जाते. आता ताणाचा क्रम. टाचणी लावली की आधी उभ्या जोड्या खाली ओढून सरळ करायच्या, मग धावती हलकेच बाजूला ओढायची. उलट क्रमाने केलं तर धावती जोडी उभ्यांना गोळा करून मध्ये आणते आणि पट्टीला कंबर पडते. ही चूक दर मुलीच्या पहिल्या 4-5 सें.मी. मध्ये असतेच, ती उलगडायला लावू नये. ताण हात लागल्यावर आपोआप सुधारतो, आणि पट्टीच्या वरचा-खालचा फरक मुलीला स्वतःला दिसला की पुढे सांगावं लागत नाही.

या पट्टीत बाईंनी घातलेला नवा भाग म्हणजे मुद्दाम केलेली चूक. दर अर्ध्या तासाने जोडीदारणींनी उश्या बदलायच्या. एकीने दुसरीच्या पट्टीत एक चूक करायची, तिच्या खाली दोन ओळी नीट काढायच्या आणि उशी परत द्यायची. मिळणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. क्रॉस उलटा पडला, म्हणजे उजवी डावीवरून गेली, तर त्या जागी विणीचा वर-खाली क्रम मोडतो आणि दोन दोरे एकाच बाजूला तरंगतात. पीळ राहिला तर जोड्या नीट आरपार जात नाहीत. धावतीने एक उभी जोडी चुकून ओलांडली तर उभी जोडी नुसती वर सैल दिसते. धावतीचा एक दोरा एका उभीच्या दोऱ्याशी बदलला गेला तर पांढऱ्यात रंगीत रेघ खाली उतरायला लागते. म्हणूनच ती जोडी रंगीत ठेवायची.

शोधताना एका मुलीपाशी बाईंनी जे केलं ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी उशीला हात लावला नाही. टाचणीच्या गोल डोक्याने एकच धावता दोरा धरला आणि शेवटच्या टाक्यापासून मागे मागे, वर-खाली-वर-खाली म्हणत नेला. एका जागी "खाली" यायच्या ऐवजी पुन्हा "वर" आलं. "बघ गो, इथं," एवढंच म्हणाल्या. मुलीने दोन ओळी आणि तीन टाके उलगडले, प्रत्येक टाचणी तिच्या खालचा टाका सुटल्यावरच काढली आणि पुन्हा विणायला लागली. दुरुस्तीला पंचवीस मिनिटं लागली. घाई करून बाईंनी उशी ओढली असती तर पाच लागली असती, आणि मंगळवारी ती मुलगी पुन्हा अडली असती.

अर्धा टाका आणि जाळी

अर्ध्या टाक्याची पट्टी छोटीच करावी, 5-6 सें.मी. तिथे जोडी फुटते: धावतीतला एकच दोरा आडवा आरपार जातो, बाकीचे सगळे तिरके सरकतात. म्हणून उलगडताना "धावती जोडी" शोधायची नाही, धावता दोरा शोधायचा. हे कळलं की पुरे, या टाक्यात फार रेंगाळायचं कारण नाही.

जाळीला मात्र वेळ द्यावा. टॉर्शनच्या जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या साध्या जाळीत, प्रत्येक छिद्रापाशी दोन जोड्या भेटतात, अर्धा टाका, टाचणी, पुन्हा अर्धा टाका, आणि टाचणी कोंडली जाते. उलगडायचं तर पीळ सोडा, क्रॉस सोडा, टाचणी काढा, पीळ सोडा, क्रॉस सोडा. क्रोशाच्या सवयीवर इलाज म्हणून बाईंनी एकच नियम घोकून घेतला: टाचणी तेव्हाच तयार, जेव्हा वरच्या डाव्या आणि वरच्या उजव्या दोन्ही छिद्रांतून जोडी खाली आलेली असते. एक नसेल तर थांबा, वर जा आणि आधी ते छिद्र भरा. आराखड्यावर पहिल्या दोन तिरप्या ओळींना पेन्सिलीने 1, 2, 3 आकडे घालून दिले. तिसऱ्या ओळीपासून आकडे नव्हते, तिथपासून नियमानेच वाट काढायची.

पट्टी 12 जोड्यांची: जमिनीला 8, आणि प्रत्येक बाजूला एक उभी आणि एक कडेची जोडी. सरळ कड नवशिक्यांना जमिनीपेक्षा जड जाते. जमिनीतून आलेली जोडी उभीतून कापडी टाक्याने जाते, कडेच्या जोडीशी पूर्ण टाका होतो, टाचणी या दोन्ही जोड्यांच्या आतल्या बाजूला लागते. आता जमिनीतून आलेली जोडी कडेला राहते आणि जुनी कडेची जोडी उभीतून परत आत येते. इथे बहुतेकजणी टाचणी दोघींच्या मधोमध लावतात. कड मग नागमोडी होते आणि शिवायला सरळ रेघ मिळत नाही. देवघराच्या आसनाला लेस लावायची ठरवून आलेल्या मुलीला हे सांगताना "शिवणारी बाजू ही" असं दाखवलं तेव्हा तिने कडेकडे जास्त लक्ष दिलं. लेस कुठे लागणार हे आधीच ठरलेलं असलं की चुका कमी होतात.

कोळी, पंखा आणि गुलाबाची जमीन हे नक्षीचे प्रकार दुसऱ्या महिन्यात ठेवले. पानाची कळी या वर्गात मुळीच घेतली नाही. तिच्यात चार बॉबिनपैकी एकच विणत जाते आणि तीन ताणून धरायच्या असतात, बोट जरा सैल पडलं की अर्धा तास केलेलं पान एका ओढीत गोळा होतं. पहिल्या तुकडीत ती पाचव्या शनिवारी दाखवली होती, सुंदर दिसते म्हणून. तो निर्णय चुकीचा होता.

टाचण्या काढायचीही रीत असते. कडेच्या टाचण्या निदान 5 सें.मी. मागपर्यंत ठेवायच्या, आतल्या त्याआधी काढल्या तरी चालतात. सगळ्या एकदम उपसल्या की ताण नव्या टाक्यांवर येतो. शेवटी जोडी-जोडीला चौकोनी गाठ, दोऱ्याची टोकं मागे कापडी भागात सुईने ओवून मग कापायची. गाठीलगत कापलं तर धुण्यात सुटतं.

घरी नेताना बॉबिनच्या ओळीवर रुमाल टाकून तो दोन्ही बाजूंनी टाचायचा. स्कूटरवरून नेलेल्या लोडाच्या चोवीस बॉबिन एकमेकींत मिसळल्या तर ते सोडवायला टाका उलगडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. लोड बसमध्ये मांडीवर धरून आणणाऱ्या डिचोलीच्या मुलीचं काम कधी विस्कटलं नाही.

दुसऱ्या तुकडीतली जी एक गेली ती नोकरीची पाळी बदलली म्हणून. उरलेल्या पाच जणींपैकी चौघींनी जाळीच्या पट्टीत किमान एकदा पाच ओळींहून जास्त उलगडलं, घरी, एकटीने. त्यातल्या दोघींना चूक टाचणीपाशी होती की टाक्यात, हे अजूनही पटकन सांगता येत नाही, त्या दोरा मागे नेऊनच शोधतात. ते चालतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आराखडे आजही बाईच काढतात: आलेखाच्या कागदावर ठिपके, त्याची झेरॉक्स जाड पुठ्ठ्यावर, वर दोऱ्याला शाई लागू नये म्हणून पारदर्शक चिकट कागद, आणि बुचात बसवलेल्या सुईने प्रत्येक ठिपका आधीच टोचलेला. मुली तयार पुठ्ठा घेतात. लहानपणी बाईंचंही असंच झालं होतं आणि परतल्यावर त्या तिथेच अडल्या होत्या. म्हणून पुढच्या तुकडीला कापडी पट्टीचा आराखडा दुसऱ्याच शनिवारी स्वतः टोचायला लावायचं ठरलं आहे. त्यासाठी एक शनिवार वाढेल. खोली तोपर्यंत मिळते आहे आणि भुसा वाळवून ठेवलेला आहे.